भाकरी निम्मी केली, मग ताटात काय आलं?

मार्चच्या शेवटी एक मावशी दुकानात आल्या. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि अर्धं गाव दवाखान्याच्या आधी माझ्याच काउंटरवर येतं. "भाऊ, डोकं दुखस, उठनू का चक्कर येस. गोळी दे." काय खाताय हल्ली, असं विचारलं तर चेहरा खुलला. "आठ दिन व्हयनात, भाकर बंद शे. तीन किलो उतरनू!"

पोरीने मोबाइलवर काहीतरी दाखवलं होतं. भाकरी, पोळी, भात, साखर बंद. काकडी, पालेभाजी, ताक आणि तूप हवं तेवढं. मावशींचं वजन सत्तरच्या घरात, वय पन्नाशीचं, आणि रक्तदाबाची एक गोळी रोजची. मी डोकेदुखीची गोळी दिली नाही. का दिली नाही, हे त्यांना उभ्याउभ्या सांगितलं, पण पाच मिनिटांत सांगण्याजोगी ती गोष्ट नव्हतीच. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी त्या तीन किलोंचं पाहू. आपण खाल्लेल्या भाकरीची पोटात साखर होते आणि लगेच न लागलेली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. घरातल्या कणगीसारखाच तो, फक्त लहान, चारशे-पाचशे ग्रॅमचा. गंमत अशी की एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भाकरी बंद केली की तीन-चार दिवसांत कणगी रिकामी होत जाते आणि ते पाणीही निघून जातं. दीड-दोन किलो इथेच गेले. त्यात आणखी एक भर पडते. पिष्ट (म्हणजे भाकरी, भात, साखरेतलं कार्बोहायड्रेट) कमी झालं की रक्तातलं इन्सुलिन उतरतं, आणि इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ सोडायला लागतात. मीठ गेलं की त्याच्यामागे पाणी जातं. डोकं दुखणं, उठल्यावर गरगरणं, रात्री पोटऱ्यांत गोळे येणं, हे सगळं त्याचंच.

म्हणजे काट्यावर तीन किलो उतरले, पण चरबी त्यात थोडीच होती. एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट पडावी लागते. आठ दिवसांत तीन किलो चरबी घालवायची तर रोज जवळजवळ २,९०० कॅलरी तूट हवी. मावशींचा दिवसाचा सगळा खर्चही तेवढा नाही.

अशा वेळी नेहमीचा सल्ला असतो की ताकात चिमूटभर मीठ घाला, पाणी प्या, दोन दिवसांत बरं वाटेल. बिनआजाराच्या माणसाला तो चालतो. मावशींच्या रक्तदाबाच्या गोळीत मात्र लघवी वाढवणारं औषधही होतं. आहार मीठ-पाणी काढतोय आणि गोळीही तेच काढतेय. तिथे मिठाचा सल्ला काउंटरवरून द्यायचा नसतो आणि गोळी बंद करा असंही म्हणायचं नसतं. त्यांना डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी डोस बदलून दिला. रक्तदाबापेक्षा मधुमेहाच्या औषधांचं प्रकरण अधिक नाजूक आहे, ते पुढे सांगतो.

आता मूळ हिशेब. आपल्याकडची भाकरी पुण्या-मुंबईच्या फुलक्याएवढी नसते. एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ सहज जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम पिष्ट, १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतू (फायबर) असतात. मावशी सकाळी दोन आणि रात्री दोन, अशा चार भाकरी खायच्या. ३०० ग्रॅम पीठ झालं, म्हणजे फक्त भाकरीतून दोनशे ग्रॅम पिष्ट. त्यावर तीन चहा दोन-दोन चमच्यांचे, तीस ग्रॅम साखर. रात्री भाताचा लहान मूद, पुन्हा तीस. एक केळं, पंचवीस. झाले जवळजवळ तीनशे ग्रॅम. त्या काही एकट्या नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या देशभरच्या पाहणीत आपण भारतीय दिवसाच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्ट-साखरेतून घेतो असं दिसलं, प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. तेव्हा पिष्ट कमी करा हा सल्ला चुकीचा नाही. माझी तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे.

त्या चार भाकऱ्यांतून पिष्टासोबत तीस ग्रॅम प्रथिनं येत होती, हे कोणी मोजलंच नाही. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला रोज ५८ ग्रॅम प्रथिनं हवीत. मावशींची निम्मी गरज ज्वारी भागवत होती. त्याच पिठातून तीस ग्रॅम तंतू येत होते, आणि स्नायूंना लागणारं मॅग्नेशियम तीनशे-चारशे मिलिग्रॅम. बाजरीची भाकरी असेल तर वर लोहही. आपण भाकरीला 'कार्ब' म्हणून मोकळे होतो, पण खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या तीच जीवनसत्त्वांची गोळी होती आणि तीच प्रोटीन पावडर. ती ताटातून काढली आणि जागा काकडीने भरली, तर उणे झालेलं परत कुठून येणार? काकडीत पाणी असतं. उन्हाळ्यात बरं वाटतं, एवढंच.

प्रथिनं कमी पडली तर काय होतं? वजन उतरत असताना शरीर फक्त चरबी विकत नाही, स्नायूही मोडीत काढतं. नीट खाल्लं नाही आणि हालचालही नसली, तर उतरलेल्या वजनाचा चौथा हिस्सा स्नायूंचा असू शकतो. पन्नाशीनंतर गेलेले स्नायू परत यायला फार वेळ लागतो, चरबी मात्र पुढच्या लग्नसराईत परत येते. म्हणून वजन कमी करताना बहुतेक आहारतज्ज्ञ नेहमीपेक्षा जास्त, किलोमागे एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत प्रथिनं सुचवतात. सत्तर किलोला सत्तर ग्रॅम हा सोपा आकडा लक्षात ठेवावा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही, तिथे उलट प्रथिनं बहुतेकदा मोजूनमापून कमी द्यावी लागतात.

"पण आम्ही रोज वरण खातो," असं नव्वद टक्के लोक म्हणतात. पातळ वरणाच्या एका वाटीत कोरडी डाळ पंचवीस-तीस ग्रॅम जाते. तूर डाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिनं धरली, तर त्या वाटीतून मिळाली सहा ग्रॅम. बाकी पाणी आणि फोडणी. आपल्या नवापूरच्या तूर डाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण ती पाण्यासारखी पातळ केली तर मानांकनाने प्रथिनं वाढत नाहीत.

इथे खानदेशी स्वयंपाकघराकडे जरा नीट पाहावंसं वाटतं, कारण उत्तर तिथेच पडलेलं आहे. चैत्र-वैशाखात शिवारात हिरवं काही उरत नाही. त्या दिवसांसाठी आपल्या आज्यांनी डाळींवर सगळी हिकमत खर्च केली. पातोड्यांचा रस्सा, डुबुकवडे, घट्ट पिठलं, फुणके, उडदाचं घुटं. भाजी नसताना भाजी म्हणून डाळ, ही कल्पनाच प्रथिनांच्या बाजूची आहे. यातले फुणके मला सगळ्यांत शहाणे वाटतात. भिजवलेल्या डाळी जाडसर वाटायच्या, कांद्याची पात, लसूण, मिरची घालायची आणि वाफवायचं, सोबत कढी. तळण नाही. ५० ग्रॅम कोरड्या डाळीचे फुणके खाल्ले तर अकरा-बारा ग्रॅम प्रथिनं, वर कढीतली तीन-चार. जिमवाल्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा ते माझ्याकडे असे पाहतात, जणू मी त्यांना शाळेत परत पाठवतोय. मग डब्यातली पावडर घेऊन जातात. विकतो मी, धंदा आहे.

कळण्याच्या भाकरीबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. ज्वारी तीन वाटे आणि सालीचा उडीद एक वाटा, असं दळलं तर प्रथिनं १०० ग्रॅमला दहावरून तेरावर जातात. शिवाय प्रथिनांचा लायसिन नावाचा जो घटक ज्वारीत कमी असतो तो उडीद भरून काढतो, त्यामुळे प्रथिनांचा दर्जाही सुधारतो. पण पिष्ट? ६८ वरून ६२ च्या आसपास. बस. कळण्याची भाकरी 'लो कार्ब' नाही. ती अधिक चांगली भाकरी आहे, आणि दोनऐवजी एक खायची असेल तर ती एक कळण्याचीच असावी, इतकं तिचं महत्त्व.

तसंच बेसनाचं. डाळींमध्ये प्रथिनं असतात हे खरं, पण १०० ग्रॅम हरभरा डाळीत ४७ ग्रॅमच्या आसपास पिष्टही असतं. म्हणून ज्यात दिवसाला तीस-चाळीस ग्रॅमच पिष्ट चालतं, तो कडक कीटो आहार डाळी खाणाऱ्या शाकाहारी घरात जमतच नाही. जमवायचा झाला तर पनीर, चीज आणि तेलावर जगावं लागतं. तो आहार मुळात १९२० च्या दशकात अमेरिकेत मिरगीच्या रुग्णांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायला सुरुवात झाली. आपल्याला एवढं टोक गाठायची गरज नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांवर वर्षभर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना कमी पिष्टाचा आहार, निम्म्यांना कमी चरबीचा. वर्षाअखेर एका गटाचं वजन सरासरी ६ किलो उतरलं, दुसऱ्याचं ५.३. फरक नगण्य. दोन्ही गटांना एक गोष्ट सारखी सांगितली होती, साखर आणि मैदा टाळा आणि घरचं साधं, भाजीपाल्याचं जेवा. त्यामुळे माझा आग्रह तीनशेवरून सव्वाशे-दीडशे ग्रॅमपर्यंत येण्याचा, आणि तिथे टिकण्याचा.

तसा दिवस कसा दिसेल? मावशींसाठी जो बसवला तोच सांगतो. त्या माळकरी, त्यामुळे अंडी-मटण नाही. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि ४० ग्रॅम मूगडाळ भिजवून, वाटून केलेलं धिरडं. साडेनऊ ग्रॅम प्रथिनं, एकवीस ग्रॅम पिष्ट. दुपारी कळण्याची एक भाकरी, पूर्वीपेक्षा जरा लहान, सत्तर ग्रॅम पिठाची. त्यासोबत भरीत, आणि भरीत खरंच पोटभर. पाव किलो वांग्यात पिष्ट नऊ ग्रॅमच्या आसपास आणि तंतू दहा. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मानांकन आहे, पण आपल्यासाठी त्याचा खरा मान हा, की पऱ्हाट्यांवर भाजलेलं ते वांगं बडगीत कुटून त्यात वीस ग्रॅम शेंगदाणे आणि मूठभर कांद्याची पात पडली की ताटातली अर्धी जागा भरते आणि हिशेबात फारसं काही चढत नाही. भरीत कधीच दोषी नव्हतं. दोष सोबतच्या सहा पुऱ्यांचा. बाजूला वाटीभर दही. संध्याकाळी भूक लागली तर मूठभर फुटाणे. रात्री अर्धी भाकरी, ४० ग्रॅम डाळीचं घट्ट पिठलं किंवा फुणके, मेथीची किंवा पोकळ्याची भाजी आणि ५० ग्रॅम पनीर.

बेरीज करून पाहिली. पिष्ट दीडशेच्या आत-बाहेर, प्रथिनं सत्तरला टेकतात, तंतू तीस ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम तंतू सांगते, म्हणजे बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन माझ्याकडे इसबगोल मागायला यायला नको. अंडी चालत असतील तर काम अजून सोपं. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं आणि पिष्ट जवळजवळ शून्य. मग फुटाणे आणि धिरडं दोन्ही सोडले तरी चालतात आणि पिष्ट शंभर-सव्वाशेवर येतं.

तेलाबद्दल थोडक्यात. पिष्ट कमी केलं की चरबी खायला मोकळीक, असा अर्थ लोक काढतात. एक ग्रॅम पिष्टात चार कॅलरी, प्रथिनात चार, चरबीत नऊ. रश्श्यावरची लाल तर्री एक मोठा चमचा घेतली की सव्वाशे कॅलरी, म्हणजे अर्ध्या भाकरीएवढ्या. शेवभाजी तर दोन्हीकडून मारते, शेवेत बेसनाचं पिष्ट आहेच आणि वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं तेलही. महिन्यातून एकदा खावी, मनापासून खावी, पण 'बेसनाची आहे म्हणून प्रोटीन' असं म्हणून खाऊ नये. दिवसाला चार-पाच लहान चमचे तेल, सगळं मिळून. शेंगदाण्याचं घरचं तेल असेल तर उत्तमच.

आता उपवास. एकादशीला आपण साबुदाणा खातो. तो जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, १०० ग्रॅमला पंचाऐंशीच्या वर, आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाही. महिनाभर भाकरी मोजायची आणि दोन एकादश्यांना खिचडीचं ताट रिचवायचं, याला काय म्हणावं? दही, शेंगदाणे, राजगिरा, पनीर आणि भगरीचा लहान वाटा, यावरही उपवास होतो. मावशींना हे पटायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. देवाचा प्रश्न होता.

आणि केळं. केळीच्या जिल्ह्यात राहून केळं सोडा म्हणणं मला जमत नाही, शिवाय गरजही नाही. मध्यम केळ्यात पंचवीस ग्रॅम पिष्ट असतं, तर केळं खायचं त्या दिवशी रात्रीची अर्धी भाकरी नको. अदलाबदल. वर पोटॅशियम मिळतं, जे कमी पिष्टाच्या पहिल्या आठवड्यात उपयोगीच पडतं. शिकरण मात्र नाही.

जीवनसत्त्वांपैकी एकाचंच नाव घेतो, बी-१२. ते डाळी-भाजीत नसतं, शाकाहारी माणसाला दूध-दह्यातूनच मिळतं, तेही मोजकं. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेतली की ते आणखी घटतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर 'डायटचा परिणाम' म्हणून बसू नये, रक्त तपासून घ्यावं. लोहासाठी मेथी-पोकळ्यावर लिंबू पिळावं आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहाने लोह कमी शोषलं जातं. गुळात लोह असतं म्हणून साखरेऐवजी गूळ, हा हिशेब इथे चालत नाही. गूळ साखरच आहे.

औषधांचं आता. हे वाचून उद्यापासून भाकरी निम्मी करणाऱ्यांपैकी कोणी मधुमेहाचं इन्सुलिन घेत असेल, किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी, तर आधी डॉक्टरांना सांगा आणि मग भाकरीला हात लावा. औषधाचा डोस चार भाकऱ्यांच्या हिशेबाने ठरलेला असतो. भाकऱ्या दोन झाल्या आणि डोस तोच राहिला, तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. शेतात एकटं असताना असं झालं तर जिवावर बेततं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात. त्या चालू असताना पिष्ट फारच कमी केलं तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं सुरू झालं तर थेट दवाखाना. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हा उद्योग करूच नये.

अजून एक, आपल्या भागापुरतं. भुसावळ-जळगावला एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला जातो, घामातून मीठ-पाणी आधीच जात असतं. पिष्ट कमी करायची सुरुवात त्या महिन्यांत करू नये. मावशींनी मार्चअखेर केली, तीही एकदम, म्हणून चक्कर जास्त आली. मी त्यांना पहिल्या पंधरवड्यात फक्त चहातली साखर आणि रात्रीचा भात सोडायला सांगितलं, दुसऱ्यात एक भाकरी कमी, मग आणखी एक. अर्धी सगळ्यात शेवटी.

जूनमध्ये त्या परत आल्या, रक्तदाबाची गोळी घ्यायला. वजन पहिल्या तीन किलोंतलं दीड परत चढून मग सावकाश उतरत होतं, महिन्याला किलो-दीड किलो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला काय केलं, मी विचारलं. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, दोन्ही खाल्ले म्हणाल्या. किती? "एक पोयी. आनि रस... वाटी मोजी नई."